वाटी परत करणारे सोळा डबे

एकोणनव्वदच्या चैत्रात पाथरी रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये कापसातली सरकी काढणाऱ्या सोळा रेच्यांवर सोळा हिरवे दिवे लागले होते, पट्टे पळत होते, आणि सकाळपासून रुईची एकही गाठ बांधली गेली नव्हती. सिताराम मिस्त्री तेलाची कुपी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत इतक्यांदा गेला, की सरळ चालला असता तर पिंगळी स्टेशन लागलं असतं.

"बन्सीधर, हिरवा दिवा म्हंजे काय म्हणलास?"

"काम चालू हाय, मामा."

"मंग कामाची रुई कुठं जायलीय?"

बन्सीधर हा त्याचा भाचा, देवगाव फाट्याचा. पुण्यात शिकून आला तो सोळा डबे घेऊनच. एकेका रेच्याला एकेक डबा; डब्यात नखाएवढी अक्कल आणि उजव्या-डाव्या शेजाऱ्याशी बोलायला एक वायर. वर हुकूम देणारा मोठा डबा कुठंच नव्हता. मुकादम आजारी पडला की अख्खं जिनिंग बसतं, म्हणून मुकादमच ठेवायचा न्हाई, असं बन्सीधरचं म्हणणं. कापूस पहिल्या रेच्यापाशी पडायचा आणि डब्यांनी तो वरच्या पट्ट्यांवरून आपसात वाटून घ्यायचा. बायांच्या डोक्यावरच्या पाट्या सुटणार होत्या.

मालक किशनराव यांना हे पटत नव्हतं. पटवलं सितारामनं. तेव्हा मालक शांतपणे म्हणाले होते, "शनिवारी दिवस बुडायच्या आत बारा गाठी दाखवा, मिस्त्री. न्हाई झाल्या तर डबे काढून टाका, अन् त्यांच्या मागं तुमीबी निघा."

आज तोच शनिवार होता.

सितारामनं एकेक डबा सोडवून वेगळा चालवून पाहिला. एकटा असला की प्रत्येक डबा गुणी लेकरासारखा काम करी. वायर जोडली की सोळाही रेचे थांबत आणि वरचे पट्टे मात्र पळू लागत. म्हणजे खोट सगळ्यांत होती आणि कुणातच नव्हती. बत्तीस वर्षांच्या मिस्त्रीपणात त्याला अशी खोट भेटली नव्हती. त्यानं सातव्या डब्याला एक शिवी दिली, मग उगाच वाईट वाटून आठव्यालाही दिली.

चबुतऱ्यावर धुरपताबाई भाकर खात बसली होती. चाळीस वर्षं पाटी वाहून तिची मान एका बाजूला कलली होती, त्यामुळे ती सगळ्या जगाकडं संशयानं बघते असं वाटे.

"मिस्त्री, ती तांबडी चिंधी बघा. मी सकाळी सहा नंबरच्या कापसात टाकली. सातकडं जाती, सहाकडं येती. पुन्यांदा सातकडं. माझ्या सुनंवानी कुठंच टिकंना झालीय."

सितारामनं बघितलं. चिंधी खरंच फेऱ्या घालत होती.

"लेका, तू या डब्यांला काय शिकवलंस?" धुरपताबाईनं बन्सीधरला विचारलं.

"तीनच गोष्टी, मावशी. शेजारचा कप्पा रिकामा दिसला की आपल्यातलं अर्धं द्यायचं. देवाणघेवाण चालू असंल तवर रेचा थांबवायचा, न्हाईतर पट्टा अडकतो."

"ह्या झाल्या दोन. तिसरी?"

बन्सीधरनं मान खाली घातली. "दिलेलं पोचलं हे समजायला पायजे ना. म्हणून घेणाऱ्यानं मूठभर कापूस माघारी धाडायचा. आई म्हणायची, शेजारणीची वाटी रिकामी परत करू न्हाई."

"अन् ती मूठ ज्याला पोचली, तो काय करतो?"

बन्सीधरचं बोट हवेत सहाकडून सातकडं गेलं आणि परत सहाकडं आलं.

"तोबी मूठ धाडतो," धुरपताबाई म्हणाली. "सोळा घरं दिवसभर वाट्याच पोचवायलीत. जेवायचं कुणी? आरं, आईनं बरुबर सांगितलं. पर वाटी आल्या पावली का कुणी परत करतं? फळीवर ठेवायची. घरचा सैपाक आटपायचा. आमच्या शेजारच्या कस्तुराबाईची वाटी माझ्याकडं दिवाळीपासून हाय."

"म्हंजे डब्याला विसरायला शिकवू?"

"विसरायला न्हाई. ध्यानात असून लगेच द्यायची न्हाई."

सितारामला यातलं अर्धंच कळलं, पण भाच्याचा चेहरा उजळलेला दिसला. तो लगेच पडलाही. डब्यातली अक्कल असते एका चिपमध्ये, आणि तिच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते. जुनं शिकवलेलं पुसायचं तर तिथून खास दिव्याचा उजेड पाडावा लागतो, आणि दिवा होता पुण्यात.

"उनानं पुसत न्हाई का?" सितारामनं विचारलं.

"पुसतं, मामा. पर आठ दिवस लागतात."

"ते पुण्याचं ऊन."

जिनिंगच्या गच्चीवर बायांच्या कुरडया वाळत होत्या. त्यांच्यातच सोळा चिपा खिडक्या वर करून मांडल्या. परभणीकडचं ऊन ते; अर्ध्या तासात चिपा अशा कोऱ्या झाल्या, जणू शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. शेजारी मालकाचं कॅलेंडर असतं तर चैत्र महिना पुसला गेला असता. बन्सीधरनं पुण्याहून आणलेल्या यंत्रावर त्यांना नवा धडा दिला: आलेल्याची आधी सरकी काढायची, पोच सावकाश, आणि ती कापूस न धाडता नुसती वायरीवरून.

तीन वाजता रेचे गरगरले. सितारामनं कान लावला. कुणी कुणाला हुकूम देत नव्हतं, तरी कापूस पुढं सरकत होता. नववा अडला की आठवा आणि दहावा त्याचं ओझं घेत होते. पाचला सहा गाठी झाल्या, सहाला दहा. दिवस लिंबाच्या शेंड्याला टेकला तेव्हा प्रेसमधून बारावी गाठ बाहेर आली, आणि तिच्या कडेला तांबडी चिंधी लोंबत होती.

"हे काय?" किशनरावांनी विचारलं.

"पोच हाय, मालक," धुरपताबाई म्हणाली.

किशनरावांनी गाठी पुन्हा बोटानं मोजल्या. "राहू द्या डबे," ते म्हणाले, आणि जाता जाता, "सोमवारी वेळेवर या, मिस्त्री."

सिताराम तेलाची कुपी बाजूला ठेवून चबुतऱ्यावर बसला. "बन्सीधर, एक सांग. हे समदं ठरवलं कुणी? पहिल्यानं का सोळाव्यानं?"

"कुणीच न्हाई, मामा."

"आसं कसं?" म्हणून तो उठला आणि सोळाही डब्यांच्या मागं डोकावून आला.

धुरपताबाईनं मात्र घरी जाऊन कस्तुराबाईची वाटी फळीवरून काढली, कुरडया भरून पोचती केली. सकाळी दार उघडलं तर वाटी उंबऱ्यावर परत आलेली, गुळानं भरून.