भुवयांपर्यंतचा गारवा

तापातून उठल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी चहाचा कप तोंडाशी नेला, तर कपात नुसतंच गरम काहीतरी होतं. साबण हुंगला, तो नुसताच गुळगुळीत. माणसाला वास न येणं ही तशी किरकोळ गोष्ट. पण हे गृहस्थ पुदिन्याच्या तेलाच्या कारखान्यात वास तपासायचे. सव्वीस वर्षं. सगळे त्यांना नाकसाहेब म्हणत. ही नोकरी गेली तर दुसरीकडे नाकाशिवाय दाखवायला त्यांच्याजवळ काही नव्हतं. म्हणून ते गप्प बसले आणि कामावर गेले.

टेबलावर नव्या तेलाची बाटली होती. सवयीने कागदाची पट्टी बुडवून त्यांनी नाकाखाली धरली. वास नाही. पण गारवा आला. नाकपुड्यांतून वर चढला, भुवयांच्या मधे थांबला, आणि तिथे कुणीतरी पहाटे एक दार उघडलं. पलीकडे ओली फरशी होती, अनवाणी पावलं होती. कुणाची, ते दिसलं नाही. बराच वेळ ते तिथेच उभे राहिले. परतल्यावर वहीत लिहिलं : "गारवा भुवयांपर्यंत. पहाटे उघडलेल्या दारासारखा. पास."

वही वाचून मालकांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. लेबलावर तेच ते जुने उपयोग छापलेले असत : थेंबभर कपाळाला चोळा, डोकं उतरतं, गरम पाण्यात दोन थेंब टाकून वाफ घ्या, नाक मोकळं होतं, प्रवासात रुमालावर टाका, मळमळ थांबते. हे सगळं गिऱ्हाइकाच्या आजीला फुकट ठाऊक होतं. पहाटेचं दार मात्र आजीकडे नव्हतं.

"सुगंधोपचार म्हणतात तो हाच! इतकी वर्षं ही प्रतिभा कुठे दडवली होती, नाकसाहेब?"

पुढे दोन महिने नाकसाहेब टेबलापाशी बसून कुठे कुठे जाऊन आले. एका तेलाने त्यांना चांदण्यात भिजलेली शिडी दाखवली. एक तेल नाकाच्या शेंड्यावरच थबकलं, आत बोलावलं नाही म्हणून अवघडलेल्या पाहुण्यासारखं. पहाटेच्या दारामागोमाग तेही लेबलावर छापलं गेलं. गारवा जळक्या तेलालाही तितकाच असतो, हे त्यांना माहीत होतं. ते त्यांनी मनाच्या मागच्या खोलीत ठेवून दिलं होतं.

एका संध्याकाळी बायकोचं डोकं चढलं. तिने त्यांच्या पिशवीतल्या नमुन्याचा थेंब कपाळाला लावला.

"अहो, हे कसलं तेल आणलंत? जळकं आहे."

"गार नाही लागत?"

"लागतंय की. गार आणि जळकं. तुम्हाला येत नाही वास?"

त्यांनी बाटलीचं बूच उगाच हुंगलं. तिने बाटली खाली ठेवली.

"कधीपासून?"

"तापापासून."

"म्हणजे परवाची करपलेली भाजी तुम्ही झकास म्हणून दोनदा वाढून घेतलीत, ती..."

"चवही कळत नाही गं."

"आणि मी म्हटलं, एवढ्या वर्षांनी माणूस सुधारला!" तिने कपाळ पुसलं. "हे तेल जाणार कुठे?"

"उद्या सकाळच्या गाडीने. सगळीकडे. पण आता बोललो तर नोकरी जाईल."

"जाईल तर जाईल. मला हे लावून डोळा मिटवत नाहीये, दुसऱ्या कुणाला मिटवणार आहे?"

सकाळी पिपं गाडीत चढत होती.

"मालक, गाडी थांबवा. तेल जळकं आहे."

"काय बोलताय? 'खोल विहिरीतून कुणी हाक मारल्यासारखा' असं लिहिलंत तुम्ही. लेबलं लागलीसुद्धा!"

"मला वास येत नाही. ताप आल्यापासून."

पिपं ढकलणारे हात थांबले. पाला उकळून तेल काढणारा भट्टीवाला खाकरला. "पाला तळाला लागला होता. मला तेव्हाच जळकट वास आला. पण नाकसाहेबांनी पास केलं म्हटल्यावर वाटलं, आपलंच नाक बिघडलंय."

"मी तर तोंडाला फडकं बांधून लेबलं चिकटवली," लेबलवाली बाई म्हणाली. "म्हटलं, भारी तेल असंच येत असेल."

सगळ्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी आपल्या बुटाकडे.

"मी एक बाटली घरी नेली होती," ते म्हणाले. "आमच्या हिने ती गॅलरीत ठेवायला लावली."

पिपं उतरायला लागली. नाकसाहेबांनी वहीत 'नापास' लिहिलं आणि वही मालकांपुढे धरली. आता काय ते ऐकायचं, म्हणून ते उभे राहिले. पण मालकांना शब्द जुळवायला वेळ लागत होता, तेवढ्यात नाकसाहेबांचा हात आपोआप टेबलावरच्या दुसऱ्या तेलाच्या पट्टीकडे गेला.

"असं करा," मालक म्हणाले, "पास-नापास आजपासून भट्टीवाला बघेल. तुम्ही नुसती लेबलं लिहा. चालेल?"

नाकसाहेबांचे डोळे मिटलेले होते, पट्टी नाकाखाली होती.

"अहो, मी काय विचारतोय?"

"ते गेले," भट्टीवाला हळू आवाजात म्हणाला. "येतील एवढ्यात."

बाहेर गाडीवाला खोळंबला होता. हॉर्न वाजवू नकोस, असं मालकांनी त्याला हातानेच सांगितलं.