हार्मनच्या पायाशी गवत

"वन्सं, खुरपं लावाल तर याद राखा!" असं ओरडून मी कबरीवरच बसकण मारली.

लांब दांड्याचं खुरपं वर उचललेलं, तशीच वर्डेल थांबली. ही माझ्या नवऱ्याची, हार्मनची, थोरली बहीण. इतकी वर्षं मी हिच्या भावाचा संसार केला, पण हिच्या लेखी मी अजून उपरीच.

"ऊठ, ओझेला. माझ्या भावाच्या पायाशी गवत माजलंय, आणि तू तिथं फतकल मारून बसतेस? लाज कशी वाटत नाही?"

"गवत नाही ते. पाइन आहे."

चर्चमागच्या आवारात हशा पिकला. एप्रिलातल्या त्या शनिवारी सगळी माणसं कबरी खरवडायला जमली होती. आमच्या अलाबामात, निदान आमच्या चर्चमध्ये, कबरींवर गवताची काडी ठेवत नाहीत. पांढरी वाळू खरवडून, झाडून लख्ख करायची, कडेने शिंपले लावायचे आणि मग सावलीत बसून तळलेली कोंबडी खायची. ज्याच्या कबरीवर गवत, त्याचं मागे कुणी उरलं नाही असं लोक समजतात. वर्डेलला तेच टोचत होतं. तिच्या जागी असते तर मलाही टोचलं असतं, पण मी काय म्हणून तिच्या जागी जाऊ?

हार्मनने जन्मभर लाकडाच्या गिरणीत पाइन कापले. आमच्याकडचे जुने, लांब सुयांचे पाइन संपले, तेव्हा कंपन्यांनी दुसऱ्याच जातीचे, भराभर वाढणारे पाइन ओळीने लावून टाकले. त्याला ते बघवत नसे. रेल्वेरुळांजवळ जुनं एक झाड उरलं होतं, त्याचं बी आणून त्याने डब्यात रुजवलं. अंथरुणाला खिळल्यावर मला म्हणाला, "हे माझ्या पायाशी लाव. वर्षानुवर्षं गवतासारखं बसून राहील, खाली मूळ सोडत. धीर धर. याला आग लागते, मग उठतं." आगीचं बोलणं मी तापातली बडबड म्हणून सोडून दिलं. रोप मात्र लावलं.

"हे बघा," मी वर्डेलला म्हणाले. "एका झुबक्यात तीन सुया, वीत वीत लांब. मधे हा पांढरा कोंब. गवताला असतो असा?"

"मला पाइन शिकवतेस? माझ्या गोठ्यामागचं पाइनचं झाड बघता बघता छपराच्या वर गेलं. हे आपलं आहे तिथंच बसलंय, तुझ्यासारखं!"

शेवटी पाद्रीबुवा मधे पडले. पुढच्या वर्षीच्या खरवडणीपर्यंत वर्डेलने उपटायचं नाही, आणि तोवर ते झाडासारखं दिसलं नाही तर मी स्वतः उपटायचं. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

वर्षभर मी पाणी घातलं. मेलं तसूभर हललं नाही. उलट सुयांवर तपकिरी ठिपके पडले. फेब्रुवारीत एका रविवारी प्रार्थना आटोपून मागे गेले, तर रॉकेलचा वास. सुयांची नुसती काळी राख झाली होती. तशीच तरातरा वर्डेलच्या स्वयंपाकघरात शिरले.

"तुम्ही जाळलंत!"

"जाळलं," बटाटे सोलत ती म्हणाली. "उपटायचं नाही असं ठरलं होतं. जाळायचं नाही असं कुठं ठरलं होतं?"

"त्याच्या कबरीवर आग लावलीत तुम्ही!"

"गवत जाळलं मी. तुझा नवरा व्हायच्या आधीपासून माझा भाऊ होता तो. लोक म्हणतात, हार्मनचं मागे कुणी नाही. मी मेलेय का?"

मी दार असं आपटलं की काच तडकली.

त्यानंतर मी तिकडे फिरकलेच नाही. बघवलंच नसतं. खरवडणीच्या दिवशी मात्र खुरपं घेऊन गेले. शब्द दिला होता, तर उपटणारही मीच. पाहते तर त्या काळ्या खुंटातून पांढुरका कोंब वर आलेला, मेणबत्तीसारखा सरळ, चांगला वीतभर.

मी खुरपं खाली टाकलं. तापातली बडबड नव्हती ती. हार्मन मला सांगत होता, आणि मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तरी त्याच्या कबरीवर काडी ओढणं मला मेले तरी जमलं नसतं. ते वर्डेलने केलं. आकसाने केलं, आणि झाड उठलं! मला इतका संताप आला की रडूच फुटलं.

वर्डेल येऊन उभी राहिली. वाकून तिने कोंब बघितला. हार्मनच्या एका बाजूची जागा तिने स्वतःसाठी राखलीय, दुसरी माझी.

"याच्या सुया माझ्या जागेवर गळतील," ती म्हणाली.

"गळू देत. तेव्हा झाडायला तुम्ही नसाल."

"तू झाडशील?"

"मीही नसेन."

मी आभार मानले नाहीत, मानणारही नाही. तिने कडेपासून वाळू खरवडायला घेतली. खुरपं कोंबाजवळ आलं तसं तिने ते बाजूला ठेवलं, गुडघे टेकले आणि राहिलेली राख हातांनी गोळा केली.