चादरींची फिल्म

रविवारी सकाळी दहाला स्टुडिओच्या मालकाने अर्धवट जोडलेली फिल्म पाहिली आणि खुर्ची मागे सरकवली.

"हे पाठवायचं नाही. माझ्या स्टुडिओची शोभा होईल."

धाकटी, म्हणजे दोघी जावांमधली लहान, त्याच्याकडे लग्नाचे व्हिडिओ जोडायचं काम करायची. शॉर्टफिल्मची स्पर्धा अठ्ठेचाळीस तासांची होती. शुक्रवारी संध्याकाळी सहाला 'निरोप' हा विषय मिळाला होता आणि आज सहाच्या आत फिल्म द्यायची होती. दीड दिवस मालकाने आपल्या भाच्याला गच्चीवर उभं करून आभाळाकडे बघायला लावलं होतं. फिल्म फसली होती, हे धाकटीलाही दिसत होतं. पण माघार घेताना तिला विचारलं होतं कुणी?

"प्रवेशिका माझ्या नावावर आहे," ती म्हणाली.

"मग कर काय करायचं ते. कॅमेरा मी नेतोय."

आणि नेलाच त्याने, दिव्यांसकट.

धाकटीने मोबाइल पिशवीत टाकला आणि तडक थोरल्या जाऊबाईंना गाठलं. त्यांची इस्पितळाच्या धुलाईखान्यात रविवारची पाळी होती.

"ताई, रोज इतक्या चादरींच्या घड्या घालता. मनात काय येतं?"

थोरलीने हातातली चादर झटकली. "कुठल्या चादरीवर कोण गेलं, ते धुतल्यावर कळत नाही गं. म्हणून प्रत्येकीची घडी घालताना जराशी थांबते."

धाकटीने मोबाइल सुरू केला, तेवढ्यात मुकादम आला. "इथे शूटिंगला मनाई आहे. कुणाचा चेहरा, कुठली पाटी दिसली तर माझी नोकरी जाईल."

"पाटी नको, चेहरा नको," थोरली शांतपणे म्हणाली. "हात तर माझे स्वतःचे आहेत ना?"

मुकादमाने डोकं खाजवलं. "बरं. फक्त हात."

दोन वाजेपर्यंत धाकटीने हातच टिपले. इस्त्रीचे डाग पडलेले, साबणाने चिरलेले, घडीवर क्षणभर थबकणारे. यंत्रांच्या घरघरीत आवाज वाया गेला, म्हणून घरी थोरलीला कपाटात गोधड्यांमध्ये बसवून बोलणं पुन्हा घेतलं.

"मला गुदमरवून मारायचा बेत आहे का?" आतून प्रश्न आला.

सहाला सहा मिनिटं कमी असताना फिल्म जमा झाली.

पुढच्या रविवारी सगळ्या फिल्म दाखवल्या. परीक्षक म्हणाले, "कल्पना चांगली, पण चेहरा हवा होता."

थोरली उठून उभी राहिली. "साहेब, चेहऱ्याला परवानगी नव्हती. आणि हात बघून कळलं नसेल, तर चेहरा बघून काय कळणार होतं?"

सभागृह हसलं, मग मागच्या रांगांतून टाळ्या आल्या. बक्षीस मात्र मिळालं नाही.

दारात मालक आडवा आला. "पुढच्या वेळी स्टुडिओचं नाव घालू."

"पुढच्या वेळी आम्ही दोघीच आहोत," धाकटी म्हणाली.

सोमवारी ती वेळेवर कामावर गेली. एक लग्न जोडून हातावेगळं केलं आणि जेवणाच्या सुट्टीत, मालकासमोरच, थोरलीला फोन लावला.

"ताई, पुढच्या महिन्यात आणखी एक स्पर्धा आहे. चोवीस तासांची."

"मग रजा आत्ताच टाकते," थोरली म्हणाली.