मंगळवार-शुक्रवारचा चेंडू

मी रग्बीचा चेंडू बोलतोय. हो, गोल नाही मी. दोन्ही टोकांना निमुळता आहे, त्याला माझा इलाज नाही. जमिनीवर आपटलो की कुठे उसळेन हे मलाही माहीत नसतं, तेव्हा उगाच मला दोष देऊ नका. मला हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीवर टेकवायचं, की गुण मिळतात.

जालंधरच्या एका कारखान्यात माझे चार तुकडे शिवले, पोटात रबरी फुगा बसवला आणि हवा भरली. पुढे मुंबईच्या एका क्लबने मला रसिकाला भेट दिलं. रसिका डोंबिवलीची, आधी कबड्डी खेळलेली. काय पळायची! मला बगलेत दाबून निघाली की बाकीच्यांना फक्त तिची पाठ दिसायची. मग एका सामन्यात तिच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. ऑपरेशन झालं, खेळ संपला. तिने मला माळ्यावर टाकलं. तिथे जुन्या सुटकेसशेजारी माझी हवा गेली आणि खरं सांगतो, मला फार एकटं वाटलं.

वर्षभराने तिनेच मला खाली काढलं. मानपाड्याच्या एका मैदानावर ती पोरींना शिकवू लागली. सगळ्या कबड्डीतून आलेल्या, त्यामुळे सगळ्यांची चूक एकच. कबड्डीत पकडलं तरी रेषेला हात लागेपर्यंत झगडायचं. माझ्या खेळात पाडलं की चेंडू लगेच सोडायचा. या मात्र मला फराळाच्या डब्यासारखं पोटाशी धरून बसायच्या. "अगं सोड! सोड ना त्याला!" ओरडून ओरडून रसिकाचा घसा बसायचा.

पुढे ती जिल्हा संघटनेची सचिव झाली. कौतुक करू नका, दुसरं कुणी तयारच नव्हतं. पळणं बंद, परवानग्यांसाठी खेटे सुरू. मी तिच्या पिशवीत, टिफिनच्या शेजारी.

आणि यंदा मैदान समितीच्या मनात आलं की मैदान फक्त क्रिकेटला द्यावं. समितीचे अध्यक्ष भाऊ, जुने कबड्डीपटू. त्यांना आमच्या खेळाची धास्तीच होती. "पोरी धाडधाड पडतात. हाडं मोडली तर आईबापाला मी काय सांगू?" मैदान गेलं असतं तर संघ तिथेच संपला असता. दुसरी जागा नव्हतीच.

रसिका म्हणाली, "भाऊ, एकदा बघा तरी. मग नाही म्हणा."

भाऊ आले, खुर्ची टाकून बसले. संघातली सगळ्यात चपळ सान्वी मला घेऊन पळाली आणि तिला पाडलं. भाऊंना राहवलं नाही. "सोडू नको! धरून ठेव!" बिचारीने ऐकलं. शिट्टी वाजली आणि मी समोरच्या संघाकडे गेलो.

"पोरीने धरून ठेवलं, तर चुकलं काय तिचं?" भाऊ चिडले.

"पडली की तिने चेंडू सोडायचा, भाऊ, आणि पाडणारीने तिला. म्हणून खाली पडलेलीला कुणी ओढत बसत नाही. त्यासाठीच तो नियम आहे."

भाऊंनी खुर्ची रेषेजवळ सरकवली. पुढच्या वेळी सान्वीचा घोटा अगदी रेषेजवळ पकडला गेला. ती आडवी झाली, हात लांबवला, मला रेषेपलीकडे टेकवलं आणि सोडून दिलं. भाऊ खुर्चीतून उठलेच. "टेकला! टेकला रे!"

जाताना म्हणाले, "बाय, मंगळवार-शुक्रवार तुझे. पण डॉक्टर ठेव."

"ठेवते," रसिका म्हणाली आणि तिथेच मातीत बसली. मला मांडीवर घेऊन इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मलाही हायसं वाटलं. कित्येक आठवडे पिशवीत मी तिचे उसासेच ऐकत होतो.

आता माझी शिवण उसवतेय, दर आठवड्याला पंप लागतो. सामन्याला नवे चेंडू असतात, मी सरावापुरता. तक्रार नाही. एकच मागणं आहे. कधी कुंपणावरून उडून रस्त्यावर आलो, तर मला उचलून आत फेका. कसंही फेका. आत पोरी खोळंबलेल्या असतात.