शिंपीमास्तरांची बटणांची डबी

मी एक पत्र्याची डबी बोलतेय. तळहातात मावेन एवढीच. जन्मले खोकल्याच्या गोळ्यांसाठी. त्या संपल्यावर शिंपीमास्तरांच्या मुलानं मला खिशात ठेवलं आणि पुढे माझ्यात दुसऱ्याच गोळ्या आल्या. नशेच्या.

उघडण्याआधी तो मला कानाशी हलवायचा. खुळखुळ ऐकूनच त्याचा चेहरा उजळायचा. गोळी अजून जिभेवरही पडलेली नसायची.

एक दिवस मी मास्तरांच्या हाती लागले. गोळ्या मोरीत गेल्या, मुलगा व्यसनमुक्ती केंद्रात. मी मात्र राहिले. शिंप्याच्या घरात चिंधीही टाकत नाहीत. मला घासूनपुसून मास्तरांनी माझ्यात शर्टाची बटणं भरली.

मुलगा परतला. अंगानं भरला होता. बापाशेजारच्या मशीनवर कॉलर शिवायला बसला. बटणं किती उरलीत ते पाहायला मास्तरांनी मला हलवलं.

त्याचं मशीन थांबलं. सुई कापडातच राहिली.

"बाबा, ती डबी नको. बरणी घ्या एखादी."

"अरे, बटणं आहेत. चावतात की काय?"

थोरली लेक इस्त्री ठेवून पुढे आली. "बाबा, डॉक्टर काय म्हणाले होते? मेंदूत डोपामिन असतं. नशेची नुसती चाहूल लागली तरी ते उसळतं आणि जीव तेच मागू लागतो. त्यात तुम्ही टोचून बोललात की ताणाचं हार्मोन चढतं, ओढ आणखी वाढते."

"कोरं कापड शिवण्याआधी आपण भिजवतो ना?" मास्तर म्हणाले. "काय आटायचं ते एकदाच आटू दे. पुढे त्रास नाही."

"मी काय मांजरपाट आहे, बाबा?" तो हसला.

मास्तरही हसले. आणि त्याच्या भल्यासाठीच त्यांनी मला पुन्हा हलवलं. चांगलं जोरात.

"दोरा संपलाय, घेऊन येतो," म्हणत तो उठला. रिळावर दोरा होता.

संध्याकाळी त्याला उचलून आणलं, तेव्हा श्वास उरला नव्हता. इतके दिवस गोळ्यांविना राहिलेल्या शरीराला जुनी मात्रा सोसली नव्हती.

आता माझ्या तळाशी मऊ फ्लॅनेलचं कापड शिवून बसवलंय. बटणं वाजत नाहीत. झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून मास्तर ते अंगठ्यानं दाबून उघडतात आणि शेजारच्या मशीनकडे बघतात. तिथे सुईखाली अर्धी कॉलर आहे. ती काढायला ते कुणाला देत नाहीत.

तुमच्या घरी कुणी असं परतलं आणि म्हणालं, ती वस्तू नको, तर त्याची परीक्षा पाहू नका. बरणी घ्या.