एका डोक्यावर दोन हात

"रान तोडू नको लेकरा, रान विरळ कर. वरून हिरवं दिसू दे, आतून वारा फिरू दे."

हा आवाज कनकय्याच्या बापाचा. चाळीस वर्षांपूर्वी जगित्यालच्या हळदबाजारामागे, चिंचेखाली गिऱ्हाइकाच्या डोक्यावर वाकून बाप हे अर्धं गाऊन, अर्धं बोलून सांगायचा. दाट केसांचं माणूस समोर बसलं की गाणं निघायचंच. विरळ डोकं कुणालाही जमतं, तो म्हणे, दाट डोकं कापणाऱ्याची लाज काढतं. वरून कमी केलं की दुसऱ्या दिवशी केस साळिंदरासारखे उभे. म्हणून बट उचलायची, तिच्या पोटातले केस तिरप्या कात्रीने हलके करायचे आणि बट पुन्हा पांघरून टाकायची. पहिले आठ दिवस कापल्यासारखं वाटतच नाही. पंधराव्या दिवशी डोकं असं बसतं की बायको विचारते, कुणाकडे गेला होतात?

कनकय्याने ते गाणं आपल्या मुलाला, श्रीशैलमला दिलं. आणि सहा वर्षांपूर्वी त्याच मुलाच्या हातातून भर मांडवात कात्री काढून घेतली.

लग्न मामिडिपल्लीचं. नवरदेवाचे केस घोंगडीसारखे दाट. श्रीशैलम ते आतून हलके करत होता, अर्धं डोकं झालं होतं, तेवढ्यात नवरदेवाचे मामा हसायला लागले. "अरे, हा नुसता कंगवा फिरवतोय की काय? केस तर जिथल्या तिथे." कनकय्या उठला. एक अक्षर न बोलता कात्री घेतली आणि सगळं डोकं वरून खसाखसा उतरवलं. मामा खूश झाले. श्रीशैलमने खांद्यावरच्या फडक्याची नीट घडी केली, पाटावर ठेवली आणि तो निघून गेला. आता बसस्टँडजवळ त्याचं स्वतःचं सलून आहे. काचेचं, गार हवेचं, मंगळवारीसुद्धा उघडं. बापाच्या दुकानापासून चालत दहा मिनिटं. सहा वर्षांत ती दहा मिनिटं दोघांपैकी कुणी चाललं नव्हतं.

कनकय्याच्या घशाशी एक वाक्य तेव्हापासून अडकून होतं. जेवताना ते घासाबरोबर खाली जाई आणि दुकान उघडलं की पुन्हा वर येई.

राजिरेड्डी पटेल हे त्याचं सर्वात जुनं गिऱ्हाईक. वय साठ, पण केसांत कंगवा घातला तर मोडावा. गेल्या दसऱ्यानंतर ते नेहमीसारखे महिन्याने आले. कनकय्याने मानेवरची बट उचलली आणि त्याचा हात थांबला. बटेखाली कुणीतरी वाट काढली होती. तिरपी, तीन बोटं रुंद, शेवटी किंचित वळलेली. हल्ली त्याचं मनगट आखडायचं, कापताना खालीवर व्हायचं, हे त्याचं त्याला कळत होतं. म्हणजे पटेल इथे दोस्तीखातर कापून घेत होते आणि नंतर कुठेतरी दुरुस्त करून घेत होते. कुठे, हे विचारायला नको होतं. ते वळण त्याने ओळखलं, पोराचं अक्षर ओळखावं तसं.

"काय रे, झोप लागली का?" पटेल म्हणाले.

"नाही पटेल. केस लई वाढलेत."

"वाढणारच. मी काय मेलोय?"

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या महिन्यात त्याने तीच वाट शोधली. तिसऱ्या महिन्यात तो पटेलांची वाट पाहू लागला. संक्रांतीला त्याने उजव्या कानावरचा एक जड पुंजका मुद्दाम तसाच सोडला. आखडल्या मनगटालाही जमला असता, पण सोडला. पुढच्या महिन्यात पुंजका हलका झालेला होता, आणि असा झालेला की कनकय्यालाही ती रीत ठाऊक नव्हती. त्यावरून तो कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिला.

"गुदगुल्या करायला आलोय का मी?" पटेल खेकसले.

मग त्याने टाळूवरचा भोवरा वेडावाकडा कापला. उत्तर आलं : भोवऱ्याभोवतीचे केस सारखे करून, थोडे लांब ठेवून त्याच्याच अंगावर निजवलेले. बाप चुकत होता, पोरगा सावरत होता. सहा वर्षांत दोघांचं एवढं बोलणं झालं नव्हतं. कनकय्याला वाटे, आपला हात त्याच्याइतका कुणाला माहीत? एक दिवस त्याला कळेल आणि तो या पायरीवर येऊन उभा राहील.

उगादीच्या पाडव्यानंतरच्या उन्हात पटेल आले ते डोक्याला पंचा गुंडाळून. खुर्चीत बसून त्यांनी पंचा सोडला. डोक्यावर नखाएवढे पांढरे खुंट, बाकी काही नाही.

"पटेल, घरात कुणी...?"

"कुणी गेलं नाही. तुम्हा दोघांत मीच गेलो." पटेलांनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं ना रे, मी तिकडे जातो ते?"

कनकय्याने कात्री मिटून फळीवर ठेवली.

"आणि मी शहाणा, तुझं दुकान बंद असतं म्हणून मंगळवारी जायचो. म्हाताऱ्याचा हात गेलाय, त्याला कळायला नको. परवा तुझा लेक कंगवा घालून थांबला. म्हणाला, पटेल, हात गेलेला माणूस असं कापत नाही. हे मुद्दाम सोडलंय."

कनकय्याच्या छातीत काहीतरी उजाडलं. ओळखलं त्याने. "मग?"

"मग मशीन लावलं. मी अरे अरे म्हणेपर्यंत मधून सडक गेली होती. म्हणाला, बापूला सांगा, परीक्षा घ्यायला आता काही उरलं नाही."

"परीक्षा नव्हती ती."

"मग काय होतं? माझ्या पोरांना टकलं पडली, पण मी हे रान साठ वर्षं राखलं. आणि तुम्ही बापलेक त्याची पाटी करून गिरवत बसलात. बोलायचं होतं तर तोंड नव्हतं तुला?"

कनकय्याने चहा मागवला. पटेलांनी तो घेतला नाही. पंचा बांधत ते पायरी उतरले. "आता सहा महिने माझं तुझ्याकडे काही काम नाही," ते म्हणाले.

मंगळवारी कनकय्या ती दहा मिनिटं चालला. त्याचे स्वतःचे केस पटेलांसारखेच दाट होते. सहा वर्षं तो आरशात बघून पुढचे तेवढे कापत होता. मागचं रान तसंच माजलं होतं. तिथे दुसऱ्या कुणाचा हात त्याने लागू दिला नव्हता.

काचेचं दार ढकलून तो रिकाम्या खुर्चीत बसला. बाकावरची दोन पोरं मोबाइलमधून वर बघून पुन्हा खाली बघू लागली. आरशात श्रीशैलमचे हात थांबले. मग त्याने कापड झटकलं, बापाच्या गळ्याभोवती बांधलं, गाठ ना सैल ना घट्ट. केसांत कंगवा घातला. तो मानेशी अडकला.

"कसे कापायचे, काका?"

सगळ्या अनोळखी गिऱ्हाइकांना विचारतो, त्याच आवाजात.

कनकय्याच्या ओठांवर बापाचं गाणं आलं होतं. ते त्याने गिळलं. त्याच्याआड तो पुष्कळ वर्षं लपला होता.

"मामिडिपल्लीला अर्धं डोकं तू केलं होतंस," तो आरशाला म्हणाला. "ते बरोबर होतं. मी तेव्हाच पाहिलं. मामा हसले म्हणून मी कात्री घेतली नाही रे. ते अर्धं डोकं माझ्या बापालाही जमलं नसतं, मला तर नाहीच. लोकांना ते पुरं झालेलं दिसू नये, म्हणून घेतली."