टाकण्याआधीच पडलेले गुण

नेरिडा कॉसग्रोव्ह अंतिम सामना हरली. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. बर्नी गावातल्या आमच्या बोल्स क्लबातही, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवणाऱ्यांच्या क्लबातही, शनिवारपासून ते कुणी ऐकलेलं नाही, निदान नेरिडा जवळपास असेपर्यंत तरी. तेव्हा सामना अजून व्हायचाच आहे, असं धरून चालू.

नेरिडा दरवर्षी अंतिम फेरी गाठते आणि हरते. भिंतीवरच्या विजेत्यांच्या फळीवर तिचं नाव नाही. या वर्षी तिने हिवाळाभर सराव केला होता. शनिवारी ती पहिला चेंडू उचलायला वाकली, आणि गुणफलकाने घंटा वाजवली. ग्लेनिस एकवीस, नेरिडा सात.

"अगं, मी अजून टाकलाच नाही!"

"तरी सात मिळाले की तुला," ग्लेनिस म्हणाली आणि बारकडे वळली. जिंकणाऱ्याने सगळ्यांना पाजायची असते.

मोजपट्टीवरून दोन मेहुणे कायमचे अबोल झाल्यापासून आमच्या क्लबात नियम आहे : घंटा वाजली की निकाल पक्का. अपवाद एकच, फलकातला बिघाड.

फलकाचा प्रोग्राम माझा. अध्यक्ष मर्व्ह म्हणाले, "बिघाड दाखव, पोरा. सामना पुन्हा घेऊ."

मी लॅपटॉपवर ग्लेनिसचा उपांत्य सामना भरला, एकवीस-सात, आणि पुढचा सुरू केला. शून्य-शून्य. फलकावर तोच प्रोग्राम, तेच आकडे भरले : नवा सामनाही एकवीस-सात. मी केबल बदलली. मग उगीच सूर्याकडे संशयाने पाहिलं. नेरिडा मागे खुर्ची टाकून बसलेली.

"काय म्हणतंय?"

"इथे बरोबर चालतंय."

"म्हणजे मी जिंकले?"

"इथे तुम्ही अजून हरला नाहीत, एवढंच."

दुपार गेली तेव्हा उलगडलं. गुण मोजणारी एक वेगळी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, आहे. सामना लागला की प्रोग्राम तिला बोलावतो, संपला की निरोप देतो. ही ये-जा सांभाळते यंत्राची पायाभूत सी लायब्ररी. माझ्या लॅपटॉपवरची ग्लिबसी. ती निरोप दिलेल्याला खरंच बाहेर काढते. पुढच्या वेळी पाटी कोरी. फलकाच्या चिमुकल्या यंत्रावर मी चिमुकलं लिनक्स घातलं होतं, त्यातली सी लायब्ररी मसल. ती निरोप ऐकते, मान डोलावते आणि काहीच करत नाही. आलेला पाहुणा प्रोग्राम बंद होईपर्यंत तिथेच, जुन्या गुणांसकट.

"माझ्या नणंदेसारखं," नेरिडा म्हणाली.

मी धावत समितीपुढे गेलो. "सापडला बिघाड!"

मर्व्हनी सगळं ऐकलं. चष्मा काढला, पुन्हा लावला. "हे असं त्या मसलवाल्यांनी मुद्दाम केलंय?"

"हो. त्यांनी तसं लिहूनच ठेवलंय. अशा लायब्ररींसाठीच्या नियमांत तशी मुभाही आहे."

"म्हणजे यंत्र लिहिल्याप्रमाणेच वागलं."

"हो."

"मग बिघाड कुठाय?"



"माझी बाजू छान मांडलीस रे," ग्लेनिस म्हणाली.

"पण चूक माझी आहे ना! मी तपासलं नाही."

"तुझ्यातल्या बिघाडाचा नियम नाही," मर्व्ह म्हणाले.

नेरिडाने माझ्यापुढे लॅपटॉप सरकवला. "लिही," ती म्हणाली. "त्यांनाच लिही."

'मसलच्या जगभरातील सर्व देखभालकर्त्यांस सविनय विनंती की, निरोप दिलेली लायब्ररी प्रत्यक्ष निघून जाईल असा बदल आपण करावा. तो गेल्या शनिवारी पहिला चेंडू उचलण्यापूर्वीपासून लागू असल्याचे घोषित करावे, जेणेकरून फलकाचे त्या दिवशीचे वागणे बिघाड ठरेल. आणि तसे प्रमाणपत्र, शक्यतो शिक्क्यासह, श्रीमती नेरिडा कॉसग्रोव्ह यांच्या नावे पाठवावे. फळी रंगवणारा मंगळवारी येतो. सोमवारपर्यंत मिळाल्यास क्लब आभारी राहील.'